होरीचा स्वभाव : गुणविशेषांच्या आधारे एका पात्राचे वाचन

प्रेमचंदांच्या 'गोदान' (१९३६) या कादंबरीच्या आरंभीच्या काही प्रकरणांत होरी महतो दोन व्यवहार करतो, आणि हे दोन्ही एकाच माणसाचे आहेत यावर वाचकाचा सहजासहजी विश्वास बसत नाही. होरी हा अवधमधील बेलारी गावचा लहान शेतकरी. वय चाळिशीच्या आत, पण शरीर झिजलेले. दारात एक गाय असावी ही त्याची जुनी आकांक्षा. वाटेत त्याला भोला नावाचा गवळी भेटतो. भोला विधुर आहे. त्याचे पुन्हा लग्न जमवून देण्याचे आमिष दाखवून होरी त्याच्याकडून ८० रुपये किमतीची गाय उधारीवर पदरात पाडून घेतो. बेत तडीस गेला असे वाटत असतानाच भोलाच्या तोंडून निघून जाते की, घरात वैरण उरलेली नाही, म्हणून गुरे विकण्याची पाळी आली आहे. त्याबरोबर होरीचे मन फिरते. अडलेल्या माणसाची गाय घेणे त्याला प्रशस्त वाटत नाही. तो गाय नाकारतो आणि वर आपल्याच घरची वैरण भोलाला देऊ करतो. यानंतर थोड्याच काळाने सामाईक बांबू विकायची वेळ येते, तेव्हा मात्र हाच होरी सख्ख्या भावांना खरा भाव कळू नये यासाठी बुरडाशी संधान बांधतो. बुरूड त्याच्यापेक्षा वस्ताद निघतो आणि होरीच्या हाती फारसे काही लागत नाही, ही गोष्ट वेगळी.

तेव्हा होरी प्रामाणिक आहे की लबाड? हा प्रश्न वर्गात विद्यार्थ्यांपुढे टाकला, तर बहुतेक जण दोन्ही प्रसंगांचे वजन करून काही मधले उत्तर शोधतात: 'बराचसा प्रामाणिक, थोडासा लबाड'. हे उत्तर चुकीचे नाही, पण ते निरुपयोगी आहे. त्यावरून होरी पुढच्या प्रसंगी काय करील याचा काहीच अंदाज बांधता येत नाही. व्यक्तिमत्त्वाचा अभ्यास करणाऱ्या मानसशास्त्रज्ञांनी गेल्या शतकात याच प्रश्नाभोवती बराच वाद घातला. त्या वादातून हाती आलेली साधने होरीसारखे पात्र समजून घेण्यास कितपत उपयोगी पडतात, हे पाहणे हा या प्रकरणाचा विषय आहे.

माणसांची स्वभावानुसार विभागणी करण्याची हौस जुनीच आहे. भारतीय नाट्यशास्त्राने नायकांचे धीरोदात्त, धीरललित, धीरप्रशांत आणि धीरोद्धत असे चार प्रकार मानले. चरकसंहितेच्या शारीरस्थानात मनाच्या प्रकृतींची गणना आहे: ७ सात्त्विक, ६ राजस आणि ३ तामस, अशा एकूण १६. या वर्गीकरणांत मोठे निरीक्षण साठवलेले आहे यात शंका नाही. तथापि प्रकार म्हणजे कप्पा; माणूस त्यात बसतो किंवा बसत नाही. होरी यांपैकी कोठेच बसत नाही. तो नायक आहे खरा, पण नाट्यशास्त्राने कल्पिलेल्या राजांच्या आणि ब्राह्मणांच्या मेळाव्यात त्याला उभे राहायलाही जागा मिळाली नसती. गुणविशेषांची उपपत्ती कप्प्यांऐवजी मात्रेचा विचार करते. भित्रेपणा, औदार्य, संशयीपणा हे गुणविशेष प्रत्येकात कमीअधिक प्रमाणात असतात, आणि व्यक्ती म्हणजे त्यांची एक विशिष्ट मांडणी, असे ती मानते.

या विचाराला पद्धतशीर रूप देणाऱ्यांत हार्वर्ड विद्यापीठातील गॉर्डन ऑलपोर्ट (१८९७–१९६७) यांचे नाव प्रथम घ्यावे लागते. १९३६ मध्ये, म्हणजे 'गोदान' प्रसिद्ध झाले त्याच वर्षी, ऑलपोर्ट आणि त्यांचे सहकारी हेन्री ओडबर्ट यांनी इंग्रजीच्या एका मोठ्या शब्दकोशातून माणसामाणसांतील भेद दाखवणारे १७,९५३ शब्द वेचून काढले. त्यांतील ४,५०४ शब्द त्यांना टिकाऊ स्वभावगुणांचे वाचक वाटले. उरलेले शब्द क्षणिक मनःस्थितीचे, स्तुतिनिंदेचे किंवा इतर प्रकारचे होते. ही चाळणीच मोठी शिकवण देणारी आहे. 'चांगला', 'नालायक', 'थोर' हे शब्द माणसाचे वर्णन करतात असे वाटते, पण वस्तुतः ते बोलणाऱ्याचे मत सांगतात. कादंबरीविषयी लिहिताना विद्यार्थी ज्या शब्दांची उधळण करतात, त्यांना ही चाळणी लावली तर फार थोडे शब्द वर उरतील.

ऑलपोर्ट यांनी गुणविशेषांच्या तीन पातळ्या कल्पिल्या. काही विरळ माणसांचे अवघे जीवन एकाच प्रवृत्तीने व्यापलेले असते. तो प्रधान गुण. अशा व्यक्तींची नावेच पुढे विशेषणे बनतात, हे त्यांचे निरीक्षण मराठी वाचकाला लगेच पटेल, कारण भगीरथ प्रयत्न, कुंभकर्णी झोप, हरिश्चंद्राचा अवतार हे प्रयोग नित्याचेच आहेत. सामान्य माणसांत मात्र पाच-दहा केंद्रीय गुण असतात. एखाद्याची शिफारस करताना परिचिताच्या लेखणीतून जे सहज उतरतात ते. आणि त्यांच्याभोवती आवडीनिवडी, लकबी अशा दुय्यम गुणांचे कडे असते.

ही कल्पना लिखित सामग्रीवर कशी वापरावी, याचा एक नमुनाही ऑलपोर्ट यांनी घालून दिला. 'जेनी' या टोपणनावाने ओळखल्या जाणाऱ्या एका वृद्ध स्त्रीने १९२६ ते १९३७ या काळात एका तरुण दांपत्याला लिहिलेली ३०१ पत्रे त्यांच्यापाशी होती. ती ३६ जणांना वाचावयास देऊन जेनीचे गुणविशेष लिहून काढण्यास त्यांनी सांगितले. वाचकांनी मिळून १९८ शब्द वापरले; पण अर्थाच्या जवळिकीने लावले असता त्यांचे ८ गट पडले, आणि भांडखोर-संशयी, आत्मकेंद्रित, स्वतंत्र वृत्तीची अशा प्रमुख गटांबाबत वाचकांचे मोठे एकमत दिसले. १९६५ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात ऑलपोर्ट यांनी तीच पत्रे इतर मानसशास्त्रीय दृष्टींनीही वाचून दाखवली आहेत. मोठ्या विद्वानाकडे क्वचितच आढळणारा हा मोकळेपणा आहे. यादी तयार झाली म्हणजे व्यक्ती समजली, असे त्यांनी कधीच मानले नाही.

त्यानंतरच्या संशोधकांची दिशा निराळी होती. रेमंड कॅटेल यांनी घटक-विश्लेषण या गणिती पद्धतीने गुणांची संख्या १६ मूलघटकांपर्यंत खाली आणली. चरकाच्या १६ प्रकृतींशी या आकड्याचा मेळ बसतो तो केवळ योगायोगाने; त्यावरून कोणी अभिमानाचे मनोरे उभारू नयेत. हान्स आयसेंक यांनी आरंभी अंतर्मुखता–बहिर्मुखता आणि भावनिक स्थैर्य–अस्थैर्य या दोनच अक्षांवर काम भागवले. १९८० नंतरच्या काळात पाच घटकांवर बऱ्याच संशोधकांचे मतैक्य झाले: बहिर्मुखता, सौजन्य, कर्तव्यदक्षता, भावनिक अस्थैर्य आणि नव्या अनुभवांविषयीचा खुलेपणा.

या पाच मापांनी होरीला मोजावयाचे ठरवले तर काम अवघड नाही. सौजन्य भरपूर, कर्तव्यदक्षताही मोठी, कारण मरेपर्यंत त्याचे हात थांबत नाहीत, चिंता आणि भय सतत सोबतीला, नव्याची ओढ जवळजवळ नाही. वर्णन बरोबर आहे. परंतु ते उत्तर प्रदेशातील, बंगालमधील किंवा विदर्भातील असंख्य कष्टकऱ्यांनाही तितकेच लागू पडेल. पाच घटकांची पद्धत लाखो माणसांची परस्परांशी तुलना करण्यासाठी बनवलेली आहे, आणि त्या कामी ती उत्तम आहे. एका माणसाच्या आतली संगती तिला विचारू नये. शिवाय पहिला प्रश्न तसाच उभा राहतो. सौजन्यशील होरी भावांना का फसवतो? आणि बायकोवर हात का टाकतो?

नेमक्या याच विसंगतीवर बोट ठेवणारे संशोधन ऑलपोर्ट यांच्या आधीच झाले होते. ह्यू हार्टशोर्न आणि मार्क मे या अमेरिकन संशोधकांनी हजारो शाळकरी मुलांना निरनिराळ्या परिस्थितींत फसवणूक करण्याची संधी मिळेल अशा चाचण्या घेतल्या. १९२८ मध्ये त्यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केले ते शिक्षकांना अस्वस्थ करणारे होते. वर्गातील परीक्षेत नक्कल करणारे मूल खेळातही लबाडी करीलच, किंवा पैशाला हात लावीलच, असे आढळले नाही. प्रामाणिकपणा हा एकसंध गुण नसून ती परिस्थितीनुसार बदलणारी सवय असावी, असे दिसू लागले. १९६८ मध्ये वॉल्टर मिशेल यांनी हाच मुद्दा अधिक व्यापक करून मांडला. गुणविशेषांच्या मापनावरून एखाद्या विशिष्ट प्रसंगातील वर्तनाचा अंदाज बांधू गेल्यास सहसंबंध बहुधा ०·३० च्या पुढे जात नाही, हे त्यांनी दाखवले. काहींना तेव्हा वाटले की, स्वभाव नावाची वस्तूच आता मोडीत निघाली.

तसे झाले नाही. सेमूर एपस्टीन यांनी १९७९ मध्ये दाखवून दिले की, एका कृतीवरून काही कळत नसले तरी अनेक दिवसांच्या अनेक कृती एकत्र केल्या असता व्यक्तीचे सातत्य स्पष्ट होते. खुद्द मिशेल यांनीही युइची शोडा यांच्या सहकार्याने वेगळा मार्ग काढला. उन्हाळी शिबिरातील मुलांच्या निरीक्षणांत त्यांना असे आढळले की, दोन मुले एकूण सारखीच भांडखोर असू शकतात. पण एक मूल सोबत्यांनी चिडवले की भडकते, तर दुसरे मोठ्यांनी ताकीद दिली की. प्रत्येकाचा 'असे झाले तर तसे करतो' हा नमुना बराचसा स्थिर असतो. स्वभाव नुसत्या मात्रेत नसून या 'जर-तर'च्या ठेवणीत आहे, असे त्यांनी १९९५ मध्ये मांडले. पात्राच्या अभ्यासकाला ही कल्पना यादीपेक्षा पुष्कळ अधिक उपयोगी पडते. 'हा माणूस कसा आहे' याऐवजी 'हा माणूस केव्हा असा असतो' हे विचारावयाचे.

आता होरीकडे पुन्हा वळता येईल. लेखकाने त्याच्याविषयी जे शेरे मारले आहेत ते तूर्त बाजूला ठेवावेत, कारण शेरा हा पुरावा नव्हे. इतर पात्रे त्याच्याविषयी जे बोलतात, त्याचा उपयोग बोलणाऱ्याचा हेतू तपासूनच करावा. उरतात त्या कृती. भोला वैरणीवाचून अडला आहे असे कळताच होरी गाय नाकारतो. पुढे त्याचा भाऊ हीरा मत्सरापोटी होरीच्या गाईला विष घालून परागंदा होतो. मागे राहिलेल्या त्याच्या बायकोची, पुनियाची, शेती होरी स्वतःच्या शेताकडे दुर्लक्ष करून सांभाळतो. त्याचा मुलगा गोबर भोलाच्या विधवा मुलीला, झुनियाला, दिवस गेल्यावर दाराशी सोडून शहराकडे पळून जातो; होरी रागाने लाल होतो, पण ती पायांवर पडताच तिला सून म्हणून घरात घेतो. गावच्या पुरोहिताच्या मुलाने टाकलेली सिलिया ही चर्मकार तरुणी याच घरात आसरा मिळवते. चार प्रसंग, माणसे निराळी, पण 'जर' एकच: अडलेला माणूस समोर उभा आहे. हा 'जर' जुळला की होरीचे वर्तन जवळजवळ ठरलेले असते. बांबूच्या व्यवहारात तो जुळत नाही. भाऊ तेव्हा वेगळे झालेले, सुस्थितीतले, त्याच्याशी खुन्नस धरून असलेले आहेत. सण किंचित ओला करून विकावा, कापसात थोडी सरकी मिसळावी, इतपत लबाडी त्याच्या नीतीत बसते; भावांना दिलेली हुलकावणी त्याच वहीत मांडली जाते. जो होरी धडधाकट हीराला फसवू पाहतो, तोच होरी गुन्हेगार हीराच्या निराधार बायकोसाठी राबतो. यात विसंगती नाही; परिस्थिती बदलली आहे.

दुसरा धागा अधिक गुंतागुंतीचा आहे. विषप्रयोगाच्या रात्री होरीने हीराला गाईच्या गव्हाणीपाशी पाहिलेले असते. सकाळी धनिया, त्याची पत्नी, हे गावभर बोंबलून सांगू लागते तेव्हा तो तिला मारतो आणि मुलाच्या डोक्यावर हात ठेवून, हीराला आपण पाहिलेच नाही, अशी खोटी शपथ घेतो. दरोगा हीराच्या घराची झडती घेणार असे कळताच, ती नामुष्की टाळण्यासाठी तो लाच द्यायला ३० रुपये कर्जाऊ काढतो. धनिया ते पैसे हिसकून भिरकावून देते. झुनियाला घरात ठेवल्याबद्दल पंच १०० रुपये रोख आणि ३० मण धान्य दंड करतात. होरी खळ्यावरचे धान्य स्वतःच्या डोक्यावरून वाहून नेतो आणि रोख रकमेसाठी घर गहाण टाकतो. या सर्व कृतींना तो एकच नाव देतो: मरजाद. मराठीत 'मर्यादा' या शब्दाने प्रथम सीमा किंवा विनय सूचित होतो. होरीच्या बोलीतील मरजादेत घराण्याची अब्रू, बिरादरीतील स्थान आणि शेतकरी म्हणून असलेली प्रतिष्ठा, मजुराहून आपण वेगळे आहोत ही जाणीव, असे सगळे सामावलेले आहे. ऑलपोर्ट ज्याला वैयक्तिक गुण म्हणत, म्हणजे कोणत्याही शब्दकोशातून वा प्रश्नावलीतून न मिळणारा, त्या एका माणसातच त्या आकारात आढळणारा गुण, त्याचे हे चांगले उदाहरण आहे. खोटी शपथ, लाचेची तयारी, मुकाट्याने दिलेला दंड आणि बायकोला केलेली मारहाण ही कोणत्याही चाचणीत चार वेगवेगळ्या गुणांखाली नोंदली गेली असती. होरीत ती एकाच मुळावरची आहेत. त्यातील मारहाण त्यामुळे क्षम्य ठरत नाही, फक्त कळते.

होरी भित्रा आहे, या समजुतीचीही याच रीतीने तपासणी करून पाहण्यासारखी आहे. जमीनदाराला सलाम ठोकायला तो वेळ काढून जातो. ज्याच्या हाती आपली जमीन आहे त्याच्याशी जुळवून राहावे, हे त्याचे मत धनियाला मुळीच मान्य नसते. परंतु रायसाहेब अमरपालसिंहांच्या वाड्यात धनुष्ययज्ञाच्या नाटकाच्या वेळी एक प्रसंग घडतो. प्राध्यापक मेहता गंमत म्हणून पठाणाचा वेष घेऊन, हातात बंदूक घेऊन येतात आणि सभ्य पाहुण्यांना धमकावतात. संपादक, विमा एजंट, बँकेचे संचालक, स्वतः रायसाहेब, सर्वांची गाळण उडते. नाटकात जनकाच्या माळ्याचे काम करणारा होरी तेथे येतो, पठाणाच्या कमरेला मिठी घालून त्याला उताणा पाडतो, आणि नकली दाढी हाती येते. समीक्षक या प्रसंगाकडे बहुधा विनोदी विष्कंभक म्हणून पाहून पुढे जातात. गुणविशेषांच्या अभ्यासकाला मात्र तो सोडून चालणार नाही. अंगावर येणारा सशस्त्र माणूस होरीला घाबरवू शकत नाही. कागदावरचा आकडा, पंचांची बैठक आणि ब्राह्मणाचा शाप त्याला घाबरवतात. भय त्याच्या प्रकृतीत नसून काही विशिष्ट नात्यांत आहे.

नमुना सापडला की सगळे कोडे उलगडले असे वाटू लागते, आणि नेमकी तेथे रूपाच्या लग्नाची घटना आडवी येते. तीन वर्षांचा खंड थकला आहे, बेदखलीचा दावा लागला आहे. अशा वेळी रामसेवक नावाचा, होरीहून जेमतेम दोन-चार वर्षांनी लहान असलेला माणूस धाकट्या रूपाशी लग्न करून २०० रुपये द्यायला तयार होतो. होरी ते घेतो. ज्याने मरजादेपायी घर गहाण टाकले, त्याने मुलीचे पैसे घ्यावेत, हे त्याच्या सर्व 'जर-तर'ना छेद देणारे आहे. येथे दोन वाटा मोकळ्या असतात. कृती अपवादात्मक म्हणून बाजूला सारावी, किंवा आपला नमुना कोठे अपुरा आहे ते पाहावे. दुसरी वाट धरली तर दिसते की, मरजादेचेच दोन भाग येथे परस्परांशी झुंजत आहेत: जमीन गेली तर शेतकरीपण जाते, मुलगी विकली तर अब्रू जाते. होरीने एक वाचवण्यासाठी दुसरे दिले. पैसे घेताना त्याचा हात कापतो. ज्याच्या ठायी हा गुणच नाही अशा माणसाने तेच २०० रुपये घेतले असते, पण हात कापला नसता. गुणविशेष कृती घडवतोच असे नाही. कधी तो फक्त तिची किंमत ठरवतो.

आता एका धोक्याकडे वळले पाहिजे, कारण तो केवळ वाङ्मयीन नाही. होरी सौजन्यशील, भिडस्त, देवभोळा. म्हणून तो कर्जात बुडाला, असे वाक्य परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत हमखास आढळते. वरवर पाहता कादंबरी त्याला पुष्टीही देते. दातादीन या पुरोहिताकडून घेतलेले ३० रुपये नऊ-दहा वर्षांत २०० झालेले असतात. शहर पाहून आलेला गोबर शेकडा १ रुपया दरमहा या कायदेशीर दराने हिशेब मांडतो: १० वर्षांचे व्याज ३६, मुद्दलासह ६६, म्हणून ७० घ्या आणि मोकळे करा. होरी मात्र ब्राह्मणाचा पैसा बुडवण्याच्या कल्पनेने हादरतो आणि सगळी रक्कम फेडण्याचे वचन देतो. येथे स्वभावाने त्याला १३० रुपयांना बुडवले, हे नाकारण्याचे कारण नाही.

पण त्याच कादंबरीतील ऊस विकण्याचा प्रसंग याच्या शेजारी ठेवावा. होरीला उसाचे १२० रुपये मिळतात. सावकार झिंगुरीसिंह कारखान्यातच उभा असतो. तो आपले पैसे कापून २५ च्या आसपास रुपये हातावर ठेवतो आणि तेही लगेच नोखेराम वसूल करतो. त्याच दिवशी तेथे होरीचा भाऊ शोभा आहे, जो थट्टेखोर आणि युक्तिबाज आहे. गिरधर आहे, जो एक आणा लपवून त्याची ताडी पितो. भिडस्त, चतुर आणि बेफिकीर, तीन स्वभावांची तीन माणसे एकाच फाटकातून सारख्याच रिकाम्या हातांनी बाहेर पडतात. स्वभाव बदलून पाहिला तरी निष्पत्ती बदलत नसेल, तर कारण स्वभावात शोधणे व्यर्थ आहे. मानसशास्त्राच्या प्रयोगशाळेत ज्याला नियंत्रित तुलना म्हणतात, ती प्रेमचंदांनी एका प्रकरणात उभी केली आहे.

स्वभावावर खापर फोडण्याची ही सवय कादंबरीच्या वाचकांपुरती नाही. दख्खनमध्ये मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातील सुपे येथून सावकारांविरुद्ध दंगे सुरू झाले आणि ते पुणे व अहमदनगर जिल्ह्यांत पसरले. त्यांच्या चौकशीसाठी नेमलेल्या आयोगासमोर एक प्रचलित मत होतेच: कुणबी उधळ्या असतो, लग्नकार्यात पैसा उडवतो, म्हणून कर्जबाजारी होतो. लग्न आणि सणांवरील खर्चाला कर्जाचे कारण म्हणून वाजवीहून अधिक महत्त्व दिले गेले आहे, असा अभिप्राय खुद्द त्या आयोगाने नोंदवला. सारा, कोर्टाचे हुकूमनामे, कापसाच्या भावातील चढउतार यांची चर्चा त्यामुळे शक्य झाली, आणि १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला. कायदा पुरेसा ठरला नाही, हा वेगळा इतिहास आहे. पण 'उधळ्या' हा एक गुणवाचक शब्द मान्य झाला असता, तर पुढचे प्रश्न विचारलेच गेले नसते. गुणविशेषाचा शब्द आणि कारण या दोहोंतील अंतर अभ्यासकाने दर वेळी नव्याने मोजले पाहिजे, ते यासाठी.

या पद्धतीचा हात जेथे पोचत नाही, अशी एक जागा 'गोदाना'त आहे, आणि ती होरीची नसून धनियाची आहे. धनियाचा नमुना होरीपेक्षाही स्पष्ट आहे. जेथे जेथे पंच, पुरोहित, दरोगा पैसे मागतात, तेथे तेथे ती उसळून उठते. तिचे मन वळवायचे तर स्तुतीने: भोला तुझे गुण गातो, असे होरीने खोटेच सांगताच वैरणीची एक टोपलीही द्यायला नाखूष असलेली धनिया तीन मोठ्या टोपल्या भरून देते. झुनियाच्या बाबतीत शेतावर येऊन होरीचा राग ती पेटवते आणि घरी परतताना वाटेतच, तिला मारू नको, म्हणून त्याची विनवणी करू लागते. तोंडाने कठोर आणि हाताने मऊ अशा या बाईविषयी पुढचा अंदाज बांधणे कोणालाही सोपे वाटेल.

होरी अखेर सडकेसाठी खडी खोदण्याच्या कामावर आठ आणे रोजाने जातो आणि रात्री धनियासह सुतळी वळतो, कारण नातवासाठी गाय घ्यायची आहे. उन्हाच्या झळा लागून तो कोसळतो. भोवती माणसे जमतात. हीरा परत आलेला असतो. तोच गोदान करण्याची आठवण देतो. समोर दातादीन. आयुष्यभर ज्याच्या मागण्यांना धनियाने तोंडावर धुडकावले, तोच. घरात गाय नाही, वासरू नाही. तिने त्या दिवशी सुतळी विकून वीस आणे आणलेले असतात. ती यंत्रवत उठते, ते पैसे नवऱ्याच्या थंड हातात ठेवते आणि हेच यांचे गोदान, असे दातादीनला सांगून बेशुद्ध पडते.